सातवीचा वर्ग आणि बहुखेळाडू खेळ: अख्खा किल्ला नको, दरवाजा बांधायला द्या

एका शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठी माध्यमाची शाळा, सातवीचा वर्ग, पट ४०. संगणक कक्षात मुलांसाठी २० आणि शिक्षकांसाठी १ मशीन, सगळी ४ जीबी रॅमची आणि केबलने जोडलेली. नेट कधी असतं, कधी नसतं. इतिहासाच्या तासाला माइनक्राफ्टसारख्या, ठोकळे रचायच्या संगणक-खेळात मुलांकडून किल्ला बांधून घ्यायचा आहे. एकदा करून पाहिलं तर नुसती पळापळ झाली आणि निम्म्या वर्गाने उरलेल्यांचं पाडून ठेवलं. आता एक देणगीदार विचारतायत की व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवून त्रिमितीय जग बघायचं यंत्र) घेऊन देऊ का, आणि मुख्याध्यापक विचारतायत की यात शिकणं नेमकं कुठे आहे.

मुख्याध्यापकांचा प्रश्न सगळ्यांत नेमका आहे, म्हणून तो आधी घेतो.

किल्ला बांधणं आपल्या मुलांना नवीन नाही. दिवाळीला माती, विटा, पोत्याचं कापड घेऊन अंगणात ती किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात, मावळे मांडतात. तेच काम संगणकावर करून घेतलंत तर मातीचा किल्ला जिंकेल. त्यात हात मळतात आणि चढ कुठे ढासळतो ते कळतं. मग संगणकाची गरज कुठे? एकाच ठिकाणी. मातीचा किल्ला मूल नेहमी वरून बघतं. त्याच्या दारातून आत चालत जाता येत नाही, आणि आपण चालत असताना तटावरचा दुसरा माणूस आपल्याला बघतोय, असंही करता येत नाही. बहुखेळाडू त्रिमितीय जगात या दोन्ही गोष्टी होतात. तुमचा धडा या दोन गोष्टींवर उभा असेल तर खेळ वापरा. नसेल तर आलेख कागद पुरे.

मुलांनी पाडापाडी केली तो शिस्तीचा प्रश्न कमी आणि कामाच्या आखणीचा जास्त आहे. 'किल्ला बांधा' या कामात शेजारच्या गटाची कोणालाच गरज पडत नाही. आणि ज्याची गरज नाही तो फक्त पाडायच्याच कामाचा उरतो.

किल्ला अख्खा का नको, याचा हिशेब बघा. या खेळांत एक ठोकळा म्हणजे एक मीटर. सिंधुदुर्गाची तटबंदी ढोबळमानाने ३ किलोमीटर लांब आणि ९ मीटर उंच धरली, जाडी ३ मीटर घेतली, तर ८१ हजार ठोकळे होतात. वीस मुलांनी सेकंदाला एक या वेगाने न थांबता लावले तरी ६७ मिनिटं जातात, आणि त्या ६७ मिनिटांत विचार करायची जागा एकही नाही. म्हणून फक्त दरवाजा घ्या. आपल्या किल्ल्यांची गोमुखी बांधणी ही आयती समस्या आहे: दरवाजा समोरून दिसत नाही, दोन बुरुजांच्या कवेत लपलेला असतो, वाट वळून येते, आणि वळणावर येणारा माणूस तटावरच्या माऱ्यात सापडतो. रायगडाचा महादरवाजा हे नेहमीचं उदाहरण. सिंधुदुर्गाचं दारही समुद्रातून सहज सापडत नाही.

आता कोणता खेळ, हे तुमच्या परिस्थितीवर ठरतं. शाळेकडे मायक्रोसॉफ्टची शैक्षणिक खाती आधीच असतील, नेट भरवशाचं असेल आणि दरवर्षी दर विद्यार्थ्यामागे परवान्याचे पैसे भरायची तयारी असेल, तर माइनक्राफ्ट एज्युकेशन चांगलं आहे. तयार धडे आहेत आणि कुठे बांधता येईल, कुठे नाही, हे ठरवणारे खास ठोकळे आहेत. तुम्ही लिहिलेल्या परिस्थितीत मात्र लुआन्टी घ्या. हाच आधीचा माइनटेस्ट. २०२४ मध्ये नाव बदललं. मुक्त आणि मोफत आहे, खातं लागत नाही, नेट फक्त पहिल्या उतरवणीपुरतं लागतं. विंडोजसाठी झिप मिळते, ती उघडली की चालते. इन्स्टॉल करायला नको. सगळ्यांत सोयीची गोष्ट म्हणजे मूळ खेळ आणि मॉड (खेळाला जोडायच्या पुरवण्या) फक्त सर्व्हरच्या, म्हणजे सगळे जिथे जोडले जातात त्या मशीनवर लागतात. मुलांच्या मशीनवर रिकामं लुआन्टी पेन ड्राइव्हने टाकलं की झालं, बाकी सगळं जोडणीच्या वेळी सर्व्हरच पाठवतो.

शिक्षकांचं मशीन सर्व्हर करा. त्यावर लुआन्टीच्याच आशय-यादीतून तीन गोष्टी उतरवा: माइनटेस्ट गेम (मूळ खेळ), एरियाज (जागा राखीव करणारं मॉड) आणि वर्ल्डएडिट (बांधकाम जतन करून दुसरीकडे उतरवणारं मॉड). नवीन जग तयार करताना भूरचना 'फ्लॅट' निवडा, नाहीतर डोंगर-गुहा बघत मुलं निघून जातील. त्या मशीनला ठरलेला आयपी पत्ता द्या. मुलं पत्त्याच्या जागी तो आणि पोर्टच्या जागी ३०००० टाकतील. जोडणी होत नसेल तर दहातल्या नऊ वेळा कारण विंडोजची फायरवॉल असते: सर्व्हर मशीनवर लुआन्टीला परवानगी दिलेली नसते, किंवा विंडोजने तुमचं नेटवर्क 'सार्वजनिक' धरलेलं असतं.

सेटिंगची फाइल अजून जुन्याच नावाची, म्हणजे माइनटेस्ट डॉट कॉन्फ आहे. (ओळी आणि आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकायच्या, आज्ञेआधी तिरपी रेघ.) तिच्यात 'मॅक्स युजर्स' मुळात १५ असतं. सोळावं मूल आत येईना म्हणून अख्खा तास केबल तपासण्यात जाऊ शकतो, तर आधीच २५ करा. 'क्रिएटिव्ह मोड' (ठोकळे अमर्याद मिळतात तो प्रकार) बंद, 'डॅमेज' (खेळाडूला होणारी इजा) बंद. 'डिफॉल्ट प्रिव्ह्ज' या ओळीत मुळात इंटरॅक्ट आणि शाउट असतात. इंटरॅक्ट म्हणजे ठोकळे लावण्या-फोडण्याचा अधिकार, तो राहू द्या. शाउट म्हणजे लिहून गप्पा मारण्याचा अधिकार, तो काढा. मुलं एकाच खोलीत बसली आहेत, तोंडाने बोलू देत. उडण्याचा अधिकार त्या ओळीत मुळातच नाही, तो चुकूनही देऊ नका; उडता आलं की तटाला अर्थ राहत नाही. 'टाइम स्पीड' शून्य करून वेळ दुपारी बाराला थांबवा, नाहीतर खेळातला दिवस २० मिनिटांत संपतो आणि ऐन तासात अंधार पडतो. 'रोलबॅक रेकॉर्डिंग' पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. ते चालू असेल तरच नंतर कोणता ठोकळा कोणी काढला ते बघता येतं आणि त्या खेळाडूची ठरावीक सेकंदांतली सगळी कामं उलटवता येतात. नंतर चालू केलं तर आधीचं काही मिळत नाही.

मुलांच्या मशीनवर दृश्य-अंतर मुळात १९० असतं, ते ६० वर आणा. ४ जीबीच्या जुन्या मशीनला त्याने पुष्कळ उसंत मिळते, आणि आपल्या कामाला ३० मीटरच्या पलीकडे बघायचंच नाही.

नावांचं आधी ठरवा. खेळाडूच्या नावात देवनागरी चालत नाही, इंग्रजी अक्षरं, अंक आणि '-', '_' एवढंच चालतं. नाव मुलाचं न देता मशीनचं द्या, पीसी०१ ते पीसी२०, आणि संकेतशब्द मशीनवर चिकटवून टाका. दुसरी तुकडी तीच नावं वापरेल, जग मात्र तिचं वेगळं. पाट्यांवर मराठी लिहायचा मोहही आवरा: लुआन्टीत जोडाक्षरं आणि मात्रा नीट जुळत नाहीत, 'ऱ्हस्व वेलांटी' अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. खेळात फक्त क्रमांकाच्या पाट्या लावा, मराठी मजकूर छापील कार्डावर द्या. खरं तर त्याने फायदाच होतो. मुलं पडद्यावरून नजर काढून कार्ड वाचतात.

पाडापाडी थांबवायला एरियाज मॉड. आधी सगळं मैदान, जमिनीखालच्या थरासकट, शिक्षकांच्या नावावर राखीव करा. मग त्यात ३० बाय ३० मीटरचे पाच भूखंड काढा, जमिनीच्या पातळीपासून वर, आणि प्रत्येकात चार-चार मशीनची नावं मालक म्हणून घाला. वीस वेळा आज्ञा द्यावी लागते. कंटाळवाणं आहे पण एकदाच. जमीन राखीव का, तर मुलांना वाटून दिलेले दगड संपले की ती खाली खणतात आणि फुकटचा दगड काढतात. भूखंड सपाट ठेवू नका. एका भूखंडात दोन पावलांना एक ठोकळा असा चढ करून घ्या आणि वर्ल्डएडिटने जतन करून बाकीच्या चार ठिकाणी उतरवा. पाचही गटांची जमीन सारखी असली तरच पुढची तुलना होते.

नियमांत एक फट राहिली की मुलं ती शोधतातच, आणि मोठी माणसंही. डेन्मार्कच्या सरकारी भूमापन खात्याने २०१४ मध्ये अख्खा देश माइनक्राफ्टमध्ये उभा करून लोकांना खुला केला होता. डायनामाइट बंद केलं होतं, पण डायनामाइट भरलेली खाणगाडी बंद करायची राहिली. लोकांनी तिनेच काही भाग उडवून दिला. म्हणून 'काय काय बंद करू' अशी यादी करण्यापेक्षा 'काय देऊ' एवढंच ठरवा. क्रिएटिव्ह बंद असल्यामुळे मुलांच्या हातात तेच येतं, जे तुम्ही गटाच्या भूखंडावरच्या पेटीत ठेवता.

पेटीत काय ठेवायचं? प्रत्येक गटाला दगडी विटांचे सहा गठ्ठे, चार कुदळी. गठ्ठा ९९ चा, म्हणजे ५९४ ठोकळे. हा आकडा मुद्दाम आहे. तट २४ लांब, ५ उंच, २ जाड केला तर २४० लागतात. बुरूज ७ बाय ७ चा, आतून पोकळ, ६ उंच. कडेला २४ ठोकळे येतात, म्हणजे एका बुरुजाला १४४ आणि दोघांना २८८. झाले ५२८. उरले ६६. वाट वळवायला आडभिंत हवी, आणि ६६ ठोकळ्यांत पाच उंचीची, एका ठोकळ्याच्या जाडीची भिंत जेमतेम १३ मीटर होते. शिवाय पहारेकऱ्याला तटावर चढायला जिना लागतो, तो सगळेच गट विसरतात. म्हणजे कुठेतरी काटकसर करावीच लागते: बुरूज लहान करायचा, तट बारीक करायचा, की डोंगराच्या चढाचाच आडोसा घ्यायचा? हा वाद गटात सुरू झाला की समजा धडा सुरू झाला. ठोकळे अमर्याद दिलेत तर हा वाद होत नाही, नुसता उंच मनोरा होतो.

तासिकांची मांडणी अशी ठेवा. पहिली तासिका पळापळीची. वेगळं मोकळं जग द्या, काहीही करू द्या, फक्त चालणं, उडी, ठोकळा लावणं-काढणं जमलं पाहिजे. ही हौस फिटल्याशिवाय पुढे गेलात तर ती कामाच्या तासात फिटते. दुसरी तासिका वर्गात, संगणकाशिवाय: आलेख कागदावर दरवाजाचा आराखडा, एक चौकोन म्हणजे एक मीटर, बाजूला ठोकळ्यांची बेरीज. बेरीज ५९४ च्या आत येईपर्यंत कक्षात प्रवेश नाही. तिसरी जोडतासिका बांधकामाची. एका मशीनवर दोघं: एकाच्या हातात माउस, दुसऱ्याच्या हातात आराखडा, आणि दर दहा मिनिटांनी अदलाबदल. ही अदलाबदल घड्याळ लावून तुम्हीच पुकारा. मुलांवर सोडलं तर माउस एकाच हातात राहतो. जोडणी रांगेरांगेने करा, कारण पहिल्या वेळी सर्व्हर प्रत्येक मशीनला चित्रं पाठवतो आणि वीस मशीन एकदम आली की सगळीच रखडतात.

चौथी तासिका तपासणीची. खेळ आणला तो हिच्यासाठी.

प्रत्येक भूखंडासमोर, जिथे दार असणार त्या रेषेपासून ३० मीटरवर एक खूण लावलेली असते. यजमान गटातला एक खेळाडू तटावर पहारेकरी म्हणून उभा राहतो, उरलेले तिघे दुसऱ्या गटाच्या भूखंडावर पाहुणे म्हणून जातात. पाहुणा खुणेपासून चालायला लागतो. दार दिसलं की 'दिसलं' म्हणून थांबतो, एफ५ दाबून जागेचे आकडे वाचतो, जोडीदार कागदावर उतरवतो. तिथून दारापर्यंत किती मीटर उरले, ही पहिली नोंद. मग तो पुढे चालतो. पहारेकरी त्याला दिसेल तेव्हा हात वर करतो, दिसेनासा झाला की खाली. शेवटच्या १५ मीटरपैकी किती मीटर पाहुणा नजरेखाली होता, ही दुसरी नोंद. तिसरी कसोटी अशी की दोन पाहुणे शेजारी-शेजारी चालत दारातून आत गेले पाहिजेत. आपलंच धान्य आणि आपलीच माणसं आत जात नसतील तो दरवाजा काय कामाचा?

पाचही गटांचे आकडे फळ्यावर मांडा. साधारण असं निघतं: एका गटाचं दार थेट १९ मीटरवरून दिसतं, कारण त्यांनी दोन्ही बुरूज तटाच्या रेषेत बांधले. दुसऱ्याचं ४ मीटरपर्यंत दिसत नाही, पण आडभिंत इतकी पुढे आली की पहारेकऱ्यालाही शेवटचे ९ मीटर दिसत नाहीत. शत्रू निवांत दाराशी बसू शकतो. 'लपवणं' आणि 'नजर ठेवणं' एकमेकांच्या विरुद्ध ओढतात, हे फळ्यावरच्या दोन रकान्यांतून मुलं स्वतःच बोलून दाखवतात. मग महादरवाजाचा नकाशा समोर ठेवा आणि विचारा, त्यांनी हे दोन्ही एकत्र कसं साधलं?

तपासणीत बिघडतं ते इथे. लुआन्टीत खेळाडूचं नाव भिंतीआडूनही दिसतं, त्यामुळे पहारेकऱ्याला माणूस न दिसताही तो कुठे आहे ते कळतं. नियम स्पष्ट सांगा: नाव दिसलं म्हणजे माणूस दिसला नाही, पाय किंवा डोकं दिसलं पाहिजे. दुसरं, 'सी' बटणाने कॅमेरा पाठीमागे जातो आणि कोपऱ्यापलीकडचं डोकावून बघता येतं. ते बटण तपासणीपुरतं वर्ज्य. पाहुण्यांना भूखंड राखीव असल्यामुळे काही फोडता किंवा लावता येत नाही. पहारेकरी मात्र स्वतःच्या भूखंडात आहे, तो पाहुणा येताना हळूच एक ठोकळा लावून दार झाकतो. त्या पाच जणांचा इंटरॅक्ट अधिकार 'रिव्होक' आज्ञेने तेवढ्या वेळापुरता काढा. आणि हो, इंटरॅक्ट नसलेल्या खेळाडूला लाकडी दारही उघडता येत नाही, तेव्हा दाराची जागा मोकळीच ठेवा: २ रुंद, ३ उंच.

गुण बांधकामाला देऊ नका. दिलेत तर ज्याच्या घरी संगणक आहे त्याला जातील. गुण तीन गोष्टींना: आराखडा आणि बेरीज, तपासणीची नोंद, आणि शेवटी दहा मिनिटांचं लेखी. लेखीत मुलांनी कधी न पाहिलेल्या एखाद्या दरवाजाचा साधा नकाशा द्या आणि विचारा: येणारा माणूस सर्वप्रथम कुठे माऱ्यात सापडेल तिथे फुली मारा, कारण दोन वाक्यांत लिहा. या रचनेचा आतल्या लोकांना होणारा एक तोटा लिहा. हे जमलं तर मुख्याध्यापकांना दाखवायला उत्तरपत्रिका आहेत, पडद्याची छायाचित्रं पुरेशी नाहीत (तीही हवीच असतील तर एफ१२).

खेळ काय खोटं शिकवतो तेही मुलांना सांगा. इथे दगड हवेत लटकतो; खालचा ठोकळा काढला तरी वरचा पडत नाही, फक्त वाळू आणि खडी पडते. इथे पाथरवट नाही, चुन्याची घाणी नाही, पाण्याचं टाकं खोदायचे कष्ट नाहीत, मजुरी नाही. एका माउसने दहा मिनिटांत उभा राहिलेला बुरूज खरा किती दिवसांचा असेल, एवढा एक प्रश्न टाकून पुढे जा.

हेडसेटबद्दल थोडक्यात: नको. एक हेडसेट, ४० मुलं, प्रत्येकी ५ मिनिटं म्हणजे २०० मिनिटं, पाच तासिका, आणि एका वेळी ३९ जण वाट बघत बसलेले. काहींना गरगरतं, चष्मा काढावा लागतो, पट्टा सारखा पुसावा लागतो. मेटा कंपनीच्या क्वेस्ट हेडसेटला तर कंपनीचीच किमान वयाची अट १० वर्षांची आहे आणि १० ते १२ वयाला पालकांनी सांभाळायचं खातं लागतं. सातवीतली बरीच मुलं त्यातच मोडतात. देणगीदारांना सांगा की तेच पैसे सर्व्हर मशीनला यूपीएस, वीस चांगले माउस आणि जुन्या मशीनच्या रॅमवर लावा. वीज गेली तर लुआन्टी जग दर पाच-सहा सेकंदांनी जतन करत असतं, त्यामुळे काम फारसं जात नाही; पण नेमकं लिहिता लिहिता मशीन बंद पडलं तर जगाची फाइल खराब होऊ शकते. यूपीएस त्यासाठी. शिवाय प्रत्येक तासानंतर 'शटडाउन' आज्ञेने सर्व्हर बंद करून जगाचं अख्खं फोल्डर तारखेच्या नावाने पेन ड्राइव्हवर घ्या.

एकदम वीस मशीनवर जाऊ नका. शनिवारी शाळा सुटल्यावर सर्व्हर आणि दोन मशीन लावा, एका सहकाऱ्याला तटावर उभं करा आणि स्वतः ३० मीटरवरून चालत या. दोघं शेजारी-शेजारी दारात अडकत असतील तर दाराच्या जागेची रुंदी दोनची तीन ठरवा, मगच भूखंड बाकीच्या चार ठिकाणी उतरवा.